आमदार जजांची बदली का करू शकत नाही: गोव्यातल्या न्यायाधीशाची नोकरी, सुरुवातीपासून निवृत्तीपर्यंत

"वकीलबाब, आमच्या जजसायबांची बदली आमदाराला सांगून करून घेता येईल का?" असं एका वयस्कर अशिलानं मला फोंड्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात विचारलं होतं. विचारण्यात लबाडी नव्हती. तलाठ्याची बदली होते, शाळामास्तरांची होते, पोलीस निरीक्षकाची होते, मग न्यायाधीशाची का नाही? त्याच्या जमिनीचा दावा अकरा वर्षं चालू होता आणि त्या काळात समोरच्या खुर्चीवरचे चार न्यायाधीश बदलले होते. बदल्या होतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या कोण करतो, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

वीस वर्षं वकिली केल्यावर माझ्या ध्यानात आलंय की आपल्याकडे शिकल्यासवरलेल्या माणसालाही न्यायाधीशाच्या नोकरीची फारशी माहिती नसते. सिनेमातला हातोडा डोळ्यांपुढे येतो (आपल्या कोर्टात तो नसतोच), नाहीतर टीव्हीवर दिसणारं सर्वोच्च न्यायालय. पण गोव्यातल्या माणसाचा आयुष्यात न्यायाशी संबंध येतो तो पेडणे, म्हापसा, डिचोली, फोंडा, मडगाव, केपे, काणकोण इथल्या कोर्टांत. तिथं बसणाऱ्या माणसाचं काम काय, तो तिथं कसा पोचतो आणि साठाव्या वर्षी घरी परत जाताना काय घेऊन जातो, ते नीट सांगावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी त्या अशिलाच्या प्रश्नाचं उत्तर. आमदार बदली करू शकत नाही. मुख्यमंत्रीही नाही. संविधानाच्या कलम 235 नं जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांचा ताबा उच्च न्यायालयाकडे दिला आहे. बदली, बढती, रजा, चौकशी, गोपनीय अहवाल, सगळं उच्च न्यायालय पाहतं. पगार राज्याच्या तिजोरीतून येतो आणि नेमणुकीच्या कागदावर राज्यपालांचं नाव असतं, पण न्यायाधीशाच्या डोक्यावर बसलेला सरकारी साहेब कोणी नसतो. ही तरतूद मला फार मोलाची वाटते. उद्या तुम्ही सरकारविरुद्धच दावा लावलात, तर तो ऐकणाऱ्याची बढती सरकारच्या हातात नसावी, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

आपलं उच्च न्यायालय म्हणजे मुंबई उच्च न्यायालय. त्याचं गोवा खंडपीठ 1982 साली पणजीत सुरू झालं आणि 2021 पासून पर्वरीच्या नव्या इमारतीत बसतं. त्याआधीची गोष्ट लांबलचक आहे. पोर्तुगीजांनी 1544 मध्ये गोव्यात 'रेलासांव' हे वरचं न्यायालय स्थापलं. मुक्तीनंतर ते गेलं आणि 1963 च्या अखेरीस त्याच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट आलं. जुन्या पिढीतल्या काही वकिलांनी या दोन्ही पद्धती पाहिल्या. आदल्या वर्षापर्यंत पोर्तुगीजमध्ये अर्ज लिहिणाऱ्यांना पुढच्या काही वर्षांत इंग्रजीतून भारतीय कायदे शिकून युक्तिवाद करावे लागले. त्या लोकांबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

न्यायाधीश होण्याची पहिली पायरी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. लेखी परीक्षा, मग मुलाखत. गोव्याची न्यायिक सेवा महाराष्ट्राहून वेगळी आहे, म्हणजे फोंड्याच्या न्यायाधीशाची बदली सोलापूरला होत नाही. परीक्षेला बसण्याआधी वकिली केलेली असावी की नसावी, याबाबत सर्वोच्च न्यायालयाचं मत दोनदा फिरलं. 1993 मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट आली. 2002 मध्ये ती काढली, कारण हुशार मुलं तीन वर्षं थांबत नाहीत असं दिसलं. मे 2025 मध्ये ती पुन्हा लावली गेली. माझ्या मते हे बरं झालं. कोर्टाच्या पायऱ्यांवर अशिलासोबत ताटकळत न बसलेल्या माणसाला 'पुढची तारीख' या दोन शब्दांचं वजन कळणं अवघड आहे. त्या अशिलानं त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते.

निवड झाली की प्रशिक्षण, आणि मग एके सकाळी हा तिशीच्या आतबाहेरचा मुलगा किंवा मुलगी तालुक्याच्या कोर्टात खुर्चीवर बसते. त्याच दिवसापासून कामं दोन असतात. दिवाणी न्यायाधीश म्हणून जमिनीचे, वाटेचे, भाड्याचे दावे, आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी म्हणून फौजदारी खटले. अटक झालेल्या माणसाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं असतं. रविवार असो, चतुर्थी असो, कोणीतरी ते पाहायलाच हवं. त्यामुळे कोठडी द्यायची की जामीन, हा निर्णय सणासुदीलाही घ्यावा लागतो. प्रथम वर्ग दंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतो आणि जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेनुसार पन्नास हजारांपर्यंत दंड. मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याची मर्यादा सात वर्षं. त्याहून गंभीर गुन्हा सत्र न्यायाधीशाकडे जातो. फाशी सुनावण्याचा अधिकार सत्र न्यायालयाला आहे, पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

लोकांना वाटतं, न्यायाधीशाचं मुख्य काम निकाल देणं. खरं तर त्याचा दिवस साक्ष नोंदवण्यात जातो, आणि गोव्यात हे काम इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. साक्षीदार कोकणीत बोलतो, कधी मराठीत. वकील इंग्रजी-कोकणी मिसळून विचारतो. कोर्टाची नोंद इंग्रजीत. म्हणजे न्यायाधीश कोकणी ऐकतो, मनात तिचं इंग्रजी करतो आणि टंकलेखकाला सांगतो. पुढे अपिलात जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, वेळ पडल्यास दिल्ली, सगळे तो इंग्रजी कागदच वाचतात. साक्षीदाराचा आवाज तिथवर पोचत नाही.

उलटतपासणीत म्हातारी म्हणते, "म्हाका खबर ना." दुसऱ्या प्रश्नाला म्हणते, "म्हाका याद ना." पहिल्याचा अर्थ 'मला माहीत नाही', दुसऱ्याचा 'मला आठवत नाही'. घाईत दोन्ही सारखीच लिहिली गेली तर? पहिल्या उत्तरात ती घटना तिनं पाहिलीच नाही असा अर्थ निघतो. दुसऱ्यात पाहिली असेल, पण विसरली. खत केलं त्या दिवशी ती नोटरीकडे हजर होती की नाही, हे या एका शब्दावर ठरू शकतं.

याहून नाजूक शब्द म्हणजे 'आमचें'. पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहिलेला मुंडकार सहज म्हणतो, "हें आमचें भाट", म्हणजे ही आमची बाग. त्यात मालकीचा दावा नसतो, जिव्हाळा असतो. माड त्यानं शिंपले, पोरं त्याच आंब्याखाली खेळली. पण 'आमची मालमत्ता' असं इंग्रजीत उतरलं की विरुद्ध बाजूचा वकील त्यावर खोटेपणाचा शिक्का मारणार. आमच्या वाड्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहतात. अशा वेळी ते कामकाज थांबवून साक्षीदाराकडे वळायचे आणि शांतपणे विचारायचे, "आमचें म्हणल्यार कोणाचें?" साक्षीदार लगेच सांगायचा, "भाटकाराचें, सायबा. आमी रावतात." मग तेच वाक्य नोंदीत जायचं. ज्याच्या अंगात ही सवय आहे तो चांगला न्यायाधीश, असं मी मानतो. कायदा पुस्तकात सापडतो. हा कान मात्र सगळ्यांना नसतो.

दुसरं खास गोव्याचं काम म्हणजे 'इन्व्हेंतार', वारसांमधल्या वाटपाची कार्यवाही. बाकी भारतात बहुतेक ठिकाणी वारसाहक्क धर्मानुसार बदलतो. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला कायदा सगळ्या धर्मांना जवळपास सारखाच लागू आहे. वारसा आणि वाटपाचा भाग आता गोव्याच्याच 2012 च्या कायद्यात आला आहे आणि तो डिसेंबर 2016 पासून अमलात आहे.

समजा फोंड्याजवळच्या एका गावात वडील वारले. मागं बायको आणि चार मुलं. घर, कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि ठेवी मिळून किंमत ऐंशी लाख. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. म्हणून चाळीस लाख बायकोचे, आणि ते वारसा म्हणून नाही तर तिचे स्वतःचे म्हणून. उरलेले चाळीस वडिलांचे, ते चार मुलांत दहा-दहा लाख. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा कमी होत नाही. मृत्युपत्र केलं असेल तरी वडील आपल्या चाळीसपैकी निम्म्याची, म्हणजे वीस लाखांचीच मर्जीप्रमाणे व्यवस्था लावू शकतात. बाकीचा निम्मा भाग मुलांचा, तो तोडता येत नाही. थोरल्याच्या नावे सगळं लिहून ठेवलंय असं कोणी म्हणत असेल, तर गोव्यात त्या कागदाची ताकद अर्ध्यावरच थांबते.

हे आकडे मांडायला सोपे. न्यायाधीशापुढे मात्र आकडे येत नाहीत, घर येतं. तो कुटुंबातल्या एकाला प्रमुख नेमून शपथ देतो. त्यानं मालमत्तेची यादी द्यायची. कोणीतरी म्हणतं, आईचे दागिने यादीत नाहीत. दुसरा म्हणतो, वरचं कुळागर बाबांनी हयातीतच मला दिलं होतं. आक्षेप ऐकायचे, मूल्यांकन करून घ्यायचं. मग वारसांमध्येच बोली लागते, तिला 'लिसितासांव' म्हणतात. घर ज्याला हवं तो बोली वाढवतो, आणि आपल्या वाट्यापेक्षा जास्त मालमत्ता ज्याच्याकडे गेली तो बाकीच्यांना पैसे चुकते करतो. शेवटी वाटपाचा तक्ता मंजूर होतो. एक भाऊ दुबईत, बहीण मुंबईत, त्यांना नोटिसा पोचवण्यातच वर्ष निघून जातं. ज्या खोलीत जन्मलो तिच्यावर सख्ख्या भावानं आपल्याविरुद्ध बोली लावलेली ऐकणं काय असतं, ते मी अशिलांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. न्यायाधीश ते दर आठवड्याला पाहतो आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही.

जमिनीचं सगळंच त्याच्याकडे येतं असंही नाही. मुंडकाराच्या घराची नोंद, कुळकायद्याचे प्रश्न मामलेदाराकडे. मधे 2014 च्या दुरुस्तीनं ही प्रकरणं दिवाणी न्यायालयांकडे वळवली, पुढे ती परत मामलेदारांकडे गेली, आणि त्या येण्याजाण्यात फायलींनी जो प्रवास केला त्यानं कितीतरी म्हाताऱ्या मुंडकारांची वर्षं खाल्ली. देवळांच्या महाजनांचे (देवळाच्या कारभारात हक्क असलेल्या घराण्यांचे) बरेच तंटेही आधी देवस्थान प्रशासक म्हणून मामलेदारापुढेच जातात.

बढतीच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो. कनिष्ठ स्तरावरून वरिष्ठ स्तर, तिथून जिल्हा न्यायाधीश, आणि सर्वांत वर प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश. जिल्हा न्यायाधीशाच्या काही जागा सेवाज्येष्ठतेनं भरतात, काही खात्यांतर्गत स्पर्धेनं, आणि चौथा हिस्सा थेट भरतीनं. थेट भरती पूर्वी किमान सात वर्षं वकिली केलेल्यांसाठीच होती. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या न्यायाधीशांनाही वकिली आणि सेवा मिळून सात वर्षं धरून त्या दारानं यायला परवानगी दिली. तिथून मोजकेच उच्च न्यायालयात जातात. गोव्याच्या जिल्हा न्यायालयांतून न्या. अनुजा प्रभुदेसाई आणि न्या. नूतन सरदेसाई मुंबई उच्च न्यायालयावर गेल्या. बाकीच्यांची नोकरी जिल्ह्यातच संपते आणि त्यात कमीपणा काही नाही. 'खालचं कोर्ट' हा शब्द मला आवडत नाही. साक्षीदाराला डोळ्यांनी पाहणारं न्यायालय हेच एक आहे.

जिल्हा न्यायाधीशाचं ताट पुन्हा निराळं. खून, अमली पदार्थ, अपघाताची भरपाई, खालून आलेली अपिलं, आणि मोपाचा विमानतळ, कोकण रेल्वे, रुंद झालेले महामार्ग अशा प्रकल्पांत गेलेल्या जमिनींच्या वाढीव मोबदल्याचे अर्ज. मुलांवरच्या अत्याचारांसाठी गोव्यानं 2003 मध्येच स्वतंत्र कायदा करून बाल न्यायालय उभारलं. देशाचा पॉक्सो कायदा त्यानंतर नऊ वर्षांनी आला. तिथं काम केलेली माणसं त्याबद्दल सहसा बोलत नाहीत.

कामाचं मोजमाप होतं. प्रत्येक प्रकारच्या निकालाला ठरावीक युनिटं आणि महिन्याला ठरावीक युनिटं पुरी करायची. चेक न वटल्याचे खटले झटपट निघतात, म्हणून संख्या वाढते. चाळीस वर्षं जुना, पोर्तुगीज दस्तऐवजांनी भरलेला, सहा मयत प्रतिवादींचा दावा कोणाला हात लावावासा वाटेल? तो लावणाऱ्या न्यायाधीशाची मेहनत त्या तक्त्यात पुरती दिसत नाही. व्यवस्थेतली ही उणीव खरी आहे आणि तिची किंमत माझ्या त्या अकरा वर्षांच्या अशिलासारखी माणसं मोजतात. अपिलात निकाल फिरला म्हणजे न्यायाधीश चुकला, असंही लोक धरून चालतात. तसं नसतं. एकाच पुराव्यातून दोन प्रामाणिक माणसं दोन निष्कर्ष काढू शकतात, अपिलाची सोय त्यासाठीच आहे.

या नोकरीचा सर्वांत जड भाग कुठल्या नियमावलीत पुरता लिहिलेला नाही. गोवा छोटा आहे. इथं कोण कुणाचा व्याही, कोण कुणाचा शाळासोबती, हे दोन वाक्यांत निघतं. जवळच्या माणसाचं प्रकरण समोर आलं की न्यायाधीश ते सोडतो आणि दुसऱ्याकडे पाठवलं जातं. पण लग्नात कोणाच्या शेजारी जेवायला बसायचं? ज्या देवळाचे आपण स्वतः महाजन, त्याच्या कमिटीचा वाद कोर्टात असेल तर पालखीला जायचं का? आमच्या वाड्यावरचे ते न्यायाधीश नोकरीत असताना जत्रेला येत ते पहाटे, गर्दी होण्याआधी. पाया पडून प्रसाद घेत आणि निघून जात. लोक म्हणत, सायब मोठे झाले, आता बोलत नाहीत. त्यांच्या पत्नीनं एकदा माझ्या आईला सांगितलं होतं, "ह्यांका लोकांमदीं बसपाक खूब आवडटा गो." ते आवडणं त्यांनी तीस वर्षं बाजूला ठेवलं. आपल्यावर टीका झाली तर न्यायाधीश उत्तर देत नाही. वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही. निकालपत्रात जे लिहिलं तेवढंच त्याचं म्हणणं.

पगाराची परिस्थिती आता पूर्वीपेक्षा बरी आहे. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये धरलं. जिल्हा व तालुका न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होतो, उच्च न्यायालयाचा बासष्टाव्या आणि सर्वोच्च न्यायालयाचा पासष्टाव्या. शेवटच्या वर्षात एक वेगळी धावपळ असते, ती फक्त वकिलांना दिसते. दिवाणी दाव्यात युक्तिवाद संपल्यावर साधारण तीस दिवसांत, फार तर साठ दिवसांत निकाल द्यायचा असतो. पुराव्याची नोंद पुढच्या न्यायाधीशाला वापरता येते, पण ऐकलेले युक्तिवाद ऐकणाऱ्याबरोबरच जातात. निकाल न लिहिता तो निवृत्त झाला तर नव्या न्यायाधीशापुढे सगळा युक्तिवाद पुन्हा. म्हणून जबाबदार न्यायाधीश शेवटच्या दोनेक महिन्यांत नवे युक्तिवाद घेत नाही आणि ऐकलेल्यांचे निकाल रात्री जागून पुरे करतो. आमच्या त्या शेजाऱ्यांच्या घरात तेव्हा मध्यरात्रीपर्यंत दिवा दिसायचा.

निवृत्तीनंतर अर्ध्या पगाराएवढं निवृत्तिवेतन. वकिली करायची असेल तर शेवटच्या तीन वर्षांत जिथं काम केलं त्या भागात दोन वर्षं करता येत नाही. काही जण ग्राहक आयोगावर, लोकअदालतीवर, लवादाच्या कामावर जातात. आमचे शेजारी कुठंच गेले नाहीत. गेल्या वर्षी जत्रेला ते पहिल्यांदा सकाळी दहा वाजता आले आणि दुपारच्या महाप्रसादाच्या पंगतीत बसले. शेजारच्या पाटावर ज्याच्याविरुद्ध त्यांनी पूर्वी वाटेच्या दाव्यात निकाल दिला होता तो माणूस होता. दोघं नारळाच्या भावाबद्दल बोलत होते.

पुढच्या आठवड्यात तोच माणूस आजोबांच्या वेळचं पोर्तुगीज खत घेऊन त्यांच्या सोप्यावर आला. सल्ला द्यायला ते तयार नव्हते, "वकिलाकडेन वच" म्हणाले. पण अक्षर कोणालाच लागत नव्हतं, तेवढं वाचून द्यायला ते कबूल झाले. चष्मा पुसून त्यांनी कागद उजेडाकडे धरला आणि चतुःसीमा एकेक करून मोठ्यानं वाचल्या: नासेन्ते म्हणजे पूर्व, पोयेन्ते म्हणजे पश्चिम, नॉर्ते, सूल. पूर्वेला खतात एक व्हाळ (ओढा) लिहिला होता. तो माणूस म्हणाला, "तो व्हाळ अजून आसा, सायबा. पावसांत व्हांवता."